बाजाराच्या दिवशी लिहून ठेवलेल्या सकाळी

आधी ते पान कसं दिसायचं ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

फीड रीडर म्हणायचे त्याले. आपण वाचतो ते सगळे ब्लॉग, पेपरवाल्यांच्या साईटी, सगळ्यांचे पत्ते त्यात एकदा टाकून द्यायचे. मंग कोणाच्या दारात जायचं काम नाही, कोणी नवीन लिहिलं की ते आपोआप आपल्याकडे येऊन पडते. डाव्या बाजूले नावंच नावं, अन् ज्यानं नवीन लिहिलं त्याचं नाव जाड अक्षरात. वाचलं की नाव पुन्हा बारीक. एवढंच. पण मी त्या पानासाठी येडी होती! सकाळी ब्रश तोंडात धरूनच कॉम्प्युटर लावायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, तोंड तं धुऊन घे आधी! इंटरनेट काय लोडशेडिंगच्या आधी पळून चाललं?" चाललंच असायचं ना. आमच्या अमरावतीत तेव्हा सकाळचीच लाईट जायची.

त्या यादीत सगळ्यात वर दोन नावं मी मुद्दाम ठेवली होती. एक मामाचा ब्लॉग. अन् दुसरं, एका पेपरचं अकोला जिल्ह्याचं पान.

मामा म्हणजे आईचा लहाना भाऊ. लग्न नाही झालेलं, अकोल्याजवळच्या गावात आबासोबत, म्हणजे आईच्या बाबासोबत राहायचा अन् शेती करायचा. ब्लॉग त्याले मीच काढून दिला होता, एका दिवाळीच्या सुट्टीत. वाटलं होतं दोन दिवस हौस करन अन् सोडून देईन. पण बाप्पा! रोज सकाळी साडेसातले त्याची नोंद हजर. टोपणनावानं लिहायचा. म्हशीचे नखरे, एसटीचा कंडक्टर, तुरीच्या शेंगा चोरणारी वानरं, अन् त्याचा तो दोस्त. शेजारच्या वावरातला दोस्त तर त्याच्या ब्लॉगचा हिरोच होता. पुण्याचे लोक खाली लिहायचे, तुम्ही इतकं रोज कसं लिहिता हो? मी पण विचारलं एकदा फोनवर. गावात तर नेट नव्हतं.

"राजा मानूस हाव मी," मामा म्हणाला. "जमते."

मी समजली की रोज सकाळी अकोल्याले चक्कर असन त्याची. गाव काही लांब नाही. मी त्याच्यापुढं विचारच नाही केला.

दुसरं पान मात्र मले आवडायचं नाही. पण बंदही करवत नव्हतं. ती वर्षं तशी होती, रोज कुठला ना कुठला शेतकरी जीव देत होता. रोज त्याच दोन ओळी, फक्त गाव बदललेलं. मी डोळे बारीक करून आधी फक्त गावाचं नाव पाहायची. आपलं नाही. मंग श्वास सोडायची, अन् मंग लाज वाटायची, की कोणाचं तरी आहेच ना.

त्या फेब्रुवारीत एका सकाळी गाव आपलं होतं.

मामाच्या दोस्तानं जीव दिला होता. पेपरच्या दोन ओळी, त्यातही वय चुकलेलं. मी आईले हात धरून स्क्रीनपुढं आणलं. आईनं लगेच आबाले फोन लावला. आबा म्हणाले, कालच झालं, आता नेऊन राहिले त्याले, तुझा भाऊ सोबत हाय, काही बोलून नाई राहिला. आई म्हणाली, "त्याच्यावर लक्ष ठेवा." आबा म्हणाले, "हो हो."

संध्याकाळी आबाचाच फोन आला. मामा स्मशानातून सगळ्यांसोबत परतला, आंघोळ केली, अन् कुठं गेला पत्ता नाही. फोन घरीच, खाटेवर. मोटारसायकलही घरीच.

आता तुम्ही म्हणाल, मोठा माणूस, गेला असन कुठं. पण त्या वर्षांत आमच्याकडे कोणी असं म्हणत नव्हतं. घरचा माणूस जेवायच्या वेळेले दिसला नाही की लोक पहिले विहिरीकडेच पळायचे. गावातल्या पोरांनी त्याच वेळी बॅटऱ्या काढल्या, अन् बादली पडली की काढाले जो लोखंडी गळ असते ना, तो घेऊन विहिरी पाहाले निघाले. माझे बाबा बडनेऱ्याले रेल्वेत होते. ते चपला घालून ड्युटी नसताना स्टेशनवर गेले, लाईनवरच्या लोकांना विचाराले. मूर्तिजापूरपासून चांदूर रेल्वेपर्यंत, काही झालं का, कोणी दिसलं का. ते काय विचारून राहिले होते ते आम्हाले कळत होतं, अन् कोणी तोंडानं म्हणत नव्हतं.

सकाळी मी कॉम्प्युटर लावला तो अकोल्याच्या पानासाठी. पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला. पान उघडलं.

अकोल्याचं नाव बारीक होतं. मामाचं जाड!

साडेसात. आजची तारीख. म्हैस कशी बादलीत पाय घालून उभी राहिली, त्याची गोष्ट. मी एवढ्या जोरात ओरडली की शेजारची काकू धावत आली. "मामा जिता हाय! आई! आत्ता लिहिलं त्यानं, आत्ता, हे पाह टाइम!" आईले वाचता येत होतं पण डोळ्यात पाणी, काही दिसेना, ती नुसती स्क्रीनवर हात फिरवत होती. मी आबाले फोन केला, बाबाले केला, सगळ्यांना सांगितलं. म्हणजे तो कुठंतरी नेटकॅफेत आहे! अकोल्यात असन नाहीतर इकडं आला असन!

गावातल्या पोरांनी गळ ठेवून दिले. तीच पोरं मोटारसायकलीवर अकोल्यातले कॅफे पालथे घालाले गेली. इकडं बाबा अन् मी अमरावतीतले फिरलो. ठेंगणा, सावळा, मिशी नाही, मनगटावर लाल धागा. कोणीच पाहिला नाही. तरी आम्ही हसत घरी आलो. आई त्या दिवशी जेवली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा नाव जाड. पुन्हा साडेसात. मी आईले बोलावलं, म्हटलं, ये, वाचून दाखवते. अन् मोठ्यानं वाचाले लागली.

"आज सकाळी दोस्त बांधावर आला अन् म्हणे, तुझा हरभरा तुझ्यासारखाच ठेंगणा हाय. मी म्हटलं, तुझा तुझ्यासारखा नुसताच उंच, घाटा एक नाही."

मी थांबली.

आई म्हणाली, "वाच ना."

मले वाचता येईना. आज सकाळी दोस्त बांधावर आला. कोणता दोस्त? आज कोणता दोस्त येईन? त्याले तर परवा…

आई माझ्याकडे पाहून राहिली होती. हळूहळू तिलेही कळलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं अन् मले तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी आजपर्यंत कधी वाटली नाही. सकाळची वेळ, खिडकीत ऊन, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, अन् आमच्यासमोर स्क्रीनवर मेलेला माणूस हसून बोलून राहिला होता. अन् तो लिहिणारा मामा, तो कधीचा?

पोरांनी अकोल्यातून एका कॅफेवाल्या चाचांचा नंबर आणला होता. बाजाराच्या दिवशी मामा त्यांच्याकडेच बसतो, असं कळलं होतं. मी फोन लावला.

"हां बेटी, तुझा मामा तं माझा खास गिऱ्हाईक," चाचा म्हणाले. "पण कालपासून लोक विचारून राहिले, अन् मी हेच सांगून राहिलो, तो बाजाराच्या दिवसाबिगर येतच नाई."

"चाचा, मंग रोज सकाळी कसं येते त्याचं?"

"अगं, बाजार करून आला की बसते तीन घंटे. आठवड्याचं सगळं लिहून टाकते अन् एकेक दिवसाले लावून देते. मशीन आपलं रोज सकाळी सोडते एकेक. मले म्हणे, चाचा, कोनाले सांगू नका, पुन्याचे लोक समजते मी रोज ताजं लिहितो." चाचा हसले, अन् मंग हसणं अर्ध्यात सोडून म्हणाले, "काहून बेटी? काय झालं?"

मी सांगितलं. चाचांनी कॅफेचं शटर ओढल्याचा आवाज आला. मंग म्हणाले, "अल्ला खैर करे. मी निघतो, इकडं पाहातो."

आता आबाले सांगायचं होतं. काय सांगायचं होतं? की ते गळ पुन्हा काढा. फोन माझ्या हातात, अन् मले ते वाक्य जमेना. आईनं फोन घेतला. "आबा," ती म्हणाली, "पोरीनं पाहिलं ते आधीचं होतं. लिहून ठेवलेलं. तुमी पुन्हा पाहा." कुठं पाहा, हे ती बोलली नाही. आबांनीही विचारलं नाही.

त्याच्यानंतरचे दिवस मले नीट सांगता येत नाहीत. रोज सकाळी मामाचं नाव जाड व्हायचं अन् मी ते उघडायची नाही. वाटायचं उघडलं की संपलं. तिथं न वाचलेला एक मामा पडून आहे तोपर्यंत तो आहे. अकोल्याचं पान मात्र उघडावंच लागायचं. आधी गाव पाहायचं. आपलं नाही. आता लाजही वाटत नव्हती, बस, आपलं नाही. अन् मनात हिशोब चालू, की पुढच्या बाजारापर्यंतच त्यानं लिहून ठेवलं असन. मंग?

बाजाराचा दिवस आला अन् गेला. चाचांनी कॅफेत त्याची खुर्ची रिकामी ठेवली होती, तो आला नाही. दुसऱ्या सकाळी साडेसात वाजले. मी रिफ्रेश केलं. पुन्हा केलं. लाईट जाईपर्यंत करत राहिली.

नाव जाड झालं नाही.

आईनं मामासाठी गॅसजवळ पाण्यात भिजवून ठेवलेले वाल फेकून दिले. त्याले वालाची भाजी आवडायची म्हणून तिनं रोज वाल भिजवले होते, आज येईन म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळी गारा पडल्या. अचानक अंधार आला अन् पत्र्यांवर इतका आवाज, की आम्ही दोघी एकमेकींशी बोलून राहिलो तरी ऐकू येईना. अंगण पांढरं झालं. आई दारात उभी राहून म्हणाली, "कुठं असन वो तो या गारांत?" ते मले ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर लावणारच नव्हती. दुपारी आईच म्हणाली, लाव. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "लाव म्हणते ना!"

दोन्ही नावं जाड होती.

अकोल्याचं आधी की मामाचं? आईनं माझा हात धरून माऊस मामाच्या नावावर नेला. टाइम साडेसात नव्हता. पावणेबारा होता. मी म्हटलं, आई, हेही लिहून ठेवलेलं असन, खुश नको होऊ, त्यानं टाइम बदलला असन. माझं तोंड चालूच होतं, अन् आईच वाचाले लागली, शाळेतल्यासारखं एकेक शब्द.

"काल संध्याकाळी मोझरीले गारा पडल्या. तुझी खंजिरी भिजू नये म्हणून सदऱ्याखाली धरली. तू असता तर म्हणाला असता, खंजिरीची काळजी अन् डोक्याची नाही. तू गेला. हे मी पहिल्यांदाच लिहून राहिलो."

गारा! मी ओरडली, आई, काल! कालच्या गारा! हे लिहून ठेवता येत नाही! कालच्या गारा बाजाराच्या दिवशी कोणाले माहीत होत्या! अन् तू गेला, तू गेला लिहिलं त्यानं! मी इतकी ओरडून राहिली होती अन् आई खाली बसली, भिंतीले टेकून, अन् रडाले लागली.

दोस्त गावच्या भजनात खंजिरी वाजवायचा. मामा ती घेऊन निघाला होता, रेल्वेत बसला, बडनेऱ्याले उतरला, तिथून मोझरीच्या आश्रमात, जिथं रोज भजन चालते, तिथं गेला अन् पंगतीत वाढाले लागला; ती नोंद पण त्यानं तिथल्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून टाकली होती. बाबांनी ज्या लाईनवर त्याले शोधलं त्याच लाईननं तो आला होता. घरी सांगायचं त्याच्या डोक्यातच नव्हतं. आम्ही तिघं संध्याकाळीच पोचलो. तो हातात भाजीची बादली घेऊन उभा होता. आईनं त्याले सगळ्या लोकांसमोर एक ठेवून दिली, अन् मंग मिठी मारून सोडेचना.

"मले वाटलं तुमाले समजन मी ठीक हाव," मामा म्हणाला. "रोज लिहिलेलं तं येऊन राहिलं होतं ना?"

मी म्हटलं, "त्याच्यानंच तं मेलो आमी, मामा!"

त्या दिवसापासून त्यानं लिहून ठेवणं बंद केलं. आता आठवड्यातून एकदाच लिहिते, ते पण चाचांच्या कॅफेत बसून तिथल्या तिथं. अन् पहिल्या ओळीत बाहेर काय दिसून राहिलं ते टाकते, माझ्यासाठी. ढग आहेत. ऊन कडक. चाचांची बकरी पायरीवर बसली. पुण्याचे लोक विचारतात, हे सुरुवातीले हवामान काहून?

मागच्या महिन्यात एकदा ती ओळ नव्हती. सरळ म्हशीची गोष्ट. मी वाचलीही नाही, फोनच लावला.

"मामा! बाहेर काय आहे?"

"काय?"

"बाहेर! बाहेर काय दिसून राहिलं?"

मंग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला.

"काही नाई वो माय," तो म्हणाला. "ऊन हाय. एक पोरगी सायकलवर चालली. अजून सांगू?"

"सांग," मी म्हटलं.