पूजेवरून उठताना

गेल्या वर्षी एका सकाळी सासूबाईंना पूजेवरून उठताच येईना. जमिनीवर बसून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, ही त्यांची लहानपणापासूनची रीत. लिंग परत गळ्यात बांधून त्या उठायला गेल्या, तर मांड्यांनी साथ दिली नाही. मी काखेत हात घालून उचललं. दुसऱ्या दिवशीही उचललं. आठवड्याभरात त्या मलाच हाक मारू लागल्या.

"आत्या, खुर्चीवर बसून करा की पूजा." सासूबाईंना मी आत्या म्हणते.

"खुर्चीत बसायला म्या काय तहसीलदार हाय?"

धाकट्या दिरांना हे कळलं. आईला पुण्याला पाठवा, इथं सांभाळायला बाई ठेवू, असा त्यांचा फोन आला. दिवाळीनंतर न्यायला येतो म्हणाले. मुरुम गाव सोडायचं या नुसत्या कल्पनेनं सासूबाईंनी दोन दिवस त्यांचा फोन घेतला नाही. त्यांना पाठवायचं माझ्याही मनात नव्हतं. त्या घरात असतात म्हणून मला दुपारी आमच्या किराणा दुकानात बसता येतं.

उमरग्याच्या फिजिओथेरपिस्टनं व्यायाम लिहून दिले. खुर्चीवरून उठबस करायची, आणि घोट्याला वजन बांधून पाय उचलायचे. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून दुकानातली लोखंडी वजनं धूळ खात पडली होती. अर्ध्या किलोची दोन आणली, कापडी पट्टीत शिवली. माझेही गुडघे कुरकुरत होते, म्हणून मीही सोबत सुरू केलं. मला एका जागी बसवत नाही. काम लवकर उरकावं म्हणून व्यायामाची वेळ ठरवली सकाळची, अंघोळीच्याही आधी.

सहा आठवड्यांत माझा जिना सोपा झाला. त्या होत्या तिथंच. मी वजन वाढवलं की, "साकु, साकु," म्हणजे कानडीत पुरे, म्हणून पाय आखडून घ्यायच्या. मी चिडायचे. दिवाळी जवळ येत होती.

लेक सोलापूरला जीवशास्त्र शिकते. तिला फोन लावला, तर तिनं एकच विचारलं, "व्यायामाच्या आगंमागं आजी काय खाते?"

काहीच नाही. लिंगपूजेआधी त्या तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. पूजा झाल्यावर चहा आणि अर्धी भाकरी. वरण मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ताटात सरकवायचं. सोमवारी उपवास.

"अगं आई, वजन उचललं की स्नायूंच्या पेशींना निरोप जातो, नवीन प्रथिनं बांधा म्हणून. तुझ्या वयात तो अजून बरा पोचतो. आजीच्या वयात पेशी अर्धवटच ऐकतात. त्यात पोट रिकामं. मग बांधतील कशानं? वजन सोडू नको, खाणं वाढव. अंडी चालली असती तर..."

फोन स्पीकरवर होता. "तूच खा ती," सासूबाई म्हणाल्या, "आन् आंघोळ करून मगच घरात ये."

चूक माझी होती. व्यायाम अकरा वाजता नेला, पूजा आणि जेवण झाल्यावर. मुगाचं धिरडं, वाटीभर दही, हरभऱ्याची उसळ. सोमवारी दूध-दाणे. ताट संपेपर्यंत मी समोरून हलत नव्हते.

"जेलरीण हाय नुसती," त्या म्हणायच्या, पण खायच्या.

आणि पूजेवरून त्यांना उचलायचं बंद. पूजा संपत आली की मी दारात उभी राहून पदराला पीळ द्यायचे. त्या भिंत धरायच्या, खाली बसायच्या, पुन्हा धरायच्या. कितीदा तरी मी पुढं झाले आणि तशीच मागं फिरले.

दिवाळीनंतर दीर गाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. सासूबाईंनी एक गुडघा उभा केला, त्यावर हात रेटला. उठल्या नाहीत. दीर धावले. मी दारात आडवी उभी राहिले.

"वहिनी, पडंल ती!"

"थांबा म्हणते ना!"

दुसऱ्यांदा त्या निम्म्यात थरथरल्या आणि खाली बसल्या. तिसऱ्या वेळी भिंतीला हातही न लावता उभ्या राहिल्या. विभूतीचा डबा कोनाड्यात ठेवला आणि लेकाकडं बघितलं.

"आलास तसा तुरीची डाळ घिऊन जा. ताजी हाय."

ते गेले, डाळ घेऊन. पण मला चैन नाही. लेक म्हणाली आहे की या वयात व्यायाम सुटला तर कमावलेलं लवकर जातं. पावणेअकरा झाले की मी घड्याळाकडं बघू लागते.

"आत्या, वजनं काढू का?"

"न्हाय म्हणलं तर सोडणार हायस व्हय?"