गॅरंटी संपलेली नवी गाडी

आमची गाडी रीइम्पोर्ट आहे, हे मी कौतुकाने सांगत असे. म्हणजे जर्मनीत बनलेली, चेक देशातल्या डीलरला विकलेली आणि तिथून एका विक्रेत्याने पुन्हा इकडे जर्मनीत आणलेली. म्हणून स्वस्त. नवरा तिला माहेरवाशीण म्हणायचा. पहिल्या दिवशी पडद्यावर सगळ्या सूचना चेक भाषेत आल्या आणि आम्ही अंदाजपंचे दाहोदरसे बटणं दाबत घरी आलो. ही बाई तिकडे काय करत होती, याचं मला उगाचच कुतूहल वाटे.

त्या कुतूहलाचं उत्तर महागात पडायची वेळ आली, कारण एका सकाळी गिअरबॉक्सने मान टाकली. मुलीच्या जन्मानंतर मला पहिल्यांदाच नोकरी लागली होती, कार्ल्सरूहे शहराबाहेरच्या एका गावातल्या प्रयोगशाळेत. पाळी पहाटेची, त्या वेळी बस नाही. त्यात प्रोबेत्साइट चालू, म्हणजे पटलं नाही तर सरळ नारळ. ही नोकरी मला हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

वेर्कश्टाटमधल्या, म्हणजे गॅरेजमधल्या, माणसाने गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला.

"गारांटी संपली आहे."

"कशी संपेल? घेऊन दोन वर्षं व्हायची आहेत!"

"तुम्ही घेतलीत तेव्हापासून नाही मोजत. चेक डीलरने आधी स्वतःच्या नावावर नोंदवली होती, तेव्हापासून."

म्हणजे ती तिकडच्या आवारात नुसती उभी होती, तेव्हाही तिची गॅरंटी झिजत होती! माझा पारा चढला. तो शांतपणे म्हणाला, "गेवेअरलाइस्टुंगचं मात्र विक्रेत्याला विचारा."

हा शब्द मी शंभरदा ऐकला होता. आपण गॅरंटी-वॉरंटी एका दमात म्हणतो, चहाबिहा म्हणतो तसं. त्यामुळे गारांटीच्या मागे येणारा हा लांबलचक शब्दही मी तिचं शेपूट समजून सोडून दिला होता. घरी येऊन वाचलं तर दोन्ही वेगळेच. गारांटी म्हणजे कंपनीने आपखुशीने दिलेला शब्द. गेवेअरलाइस्टुंग म्हणजे विकणाऱ्यावर कायद्याने घातलेली जबाबदारी, आणि ती जबाबदारी गाडी आमच्या हातात आल्यापासून दोन वर्षं. मला तर शोध लागल्याचा आनंद झाला.

"पण तो करून देईल याची काय गॅरंटी?" नवऱ्याने विचारलं.

"गॅरंटी नाहीच. तेच तर सांगतेय!"

विक्रेता कुरकुरला, पण गाडी न्यायला तयार झाला. मात्र दुरुस्ती त्याच्याच गावी, कित्येक आठवडे लागणार आणि बदली गाडी मिळणार नाही. "इथेच करून टाकू, नाहीतर तुझा जॉब जाईल," नवरा म्हणाला. पण विक्रेत्याला संधी न देता आपणच दुरुस्त केली, तर हक्कच जातो, हेही मी वाचलं होतं. मी गाडी ट्रकवर चढवून दिली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत टॅक्सीने गेले. रोज ते परवडणारं नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची जर्मन बाई आमच्याच भागातून गाडीने येते, हे ठाऊक होतं. पुण्यात असते तर पहिल्याच आठवड्यात तिच्या गाडीत बसले असते. इथे मात्र कुणाला काही मागायचं म्हणजे जीभ टाळूला चिकटते. तरी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर, रोज तुमच्या रस्त्यावरूनच जाते," ती म्हणाली. "उद्यापासून कोपऱ्यावर उभी राहा. गाडी परत येईपर्यंत."

मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी वेड्यासारखं विचारलं, "आणि तू आजारी पडलीस तर?"

तिने क्षणभरही विचार केला नाही.

"मग माझा नवरा येईल. त्याला उशिरापर्यंत झोपायची सवय आहे, पण येईल."