एनर्वेट म्हणजे जोश

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि ती तर तेव्हा घरातच होती. तुम्हाला सांगतोय.

मी कोरेगावचा. फौजेत होतो, शिक्षण विभागात. उत्तरेकडच्या जवानांना इंग्रजी शिकवता शिकवता माझी हिंदी मराठीइतकीच पक्की झाली. रिटायर झाल्यावर घरातूनच मोबाइलवर क्लास सुरू केला – हिंदी बोलणाऱ्यांसाठी अवघड इंग्रजी शब्द. लोणंदच्या कारखान्यांतली माणसं, महाबळेश्वरच्या हॉटेलांतली पोरं, त्यांच्या ओळखीनं पार पाटण्यापर्यंतची मंडळी. मी चांगला शिकवतो. हे सांगताना मी लाजत नाही. ‘अमॉर्फस’मधला ‘अ’ म्हणजे आपल्या ‘अरूप’मधलाच ‘अ’, ‘नेब्युलस’ म्हणजे नभासारखं धूसर – असं सांगितलं की शब्द डोक्यात बसतो, तो निघत नाही.

पण चुकीचा शब्दही तसाच बसतो ना?

रंजना माझी विद्यार्थिनी. मूळची बिहारची, नवरा लोणंदला कारखान्यात. बी.ए. झालेली, आणि तिथल्याच एका इंग्रजी शाळेत शिक्षिका व्हायचं तिच्या मनात होतं. माझ्या क्लासात तिच्याइतकी मेहनत कुणी करत नव्हतं. नवा शब्द शिकवला की दुसऱ्या दिवशी तो तिच्या वाक्यात हजर.

एकदा मी ‘एनर्वेट’ शिकवला. डिक्शनरी उघडली नाही. कशाला उघडू? एनर्जी, एनर्वेट – कानाला सख्खे भाऊच वाटतात. कॅमेऱ्यासमोर मूठ आवळून सांगितलं, ‘एनर्वेट, यानी जोश भर देना.’

अर्थ बरोबर उलटा आहे. एनर्वेट म्हणजे गळून जायला लावणं, अंगातली ताकद काढून घेणं.

रंजना मुलाखतीला गेली. मुख्याध्यापकांनी विचारलं, शिक्षक म्हणून काय करायला आवडेल? ती इंग्रजीत म्हणाली, प्रत्येक मुलाला मी रोज एनर्वेट करीन. समोरचे आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग हसले. एकानं तिला अर्थ विचारला. तिनं ठामपणे जोश सांगितला. मग ते जास्तच हसले. नोकरी हुकली.

तिनं क्लासच्या ग्रुपवर मुलाखतीचं सांगून अगदी साधं विचारलं – सर, एनर्वेटचा अर्थ आपण काय शिकवला होता? त्यात तक्रार नव्हती. मी तेव्हा डिक्शनरी उघडली. वाचलं. घाम फुटला म्हणावं तर तेही नाही – माझं डोकं अगदी थंड होतं. मी त्या धड्याचा व्हिडिओ काढून टाकला. तोच शर्ट घालून, त्याच खुर्चीत बसून, तोच धडा पुन्हा रेकॉर्ड केला, या वेळी बरोबर अर्थाचा. त्याच नावानं चढवला.

आणि संध्याकाळी भरल्या क्लासात म्हणालो, ‘रंजनाजी, वीडियो फिर से देखिए. कान खुले रखा कीजिए.’

पोरांनी हसण्याची चित्रं टाकली. मी ती थांबवली नाहीत.

तिनं व्हिडिओ पाहिला आणि मला फोन केला. फोन स्पीकरवर होता. म्हणाली, ‘सर, मुझे तो याद है, आपने मुट्ठी बाँधकर जोश कहा था.’ मी म्हणालो, तो एनर्जाइज होता, तुम्ही गोंधळ केलात. मग ती म्हणाली, ‘हाँ सर. मैंने ही गलत सुना होगा.’ शेवटचे शब्द तिला धड बोलता आले नाहीत.

बायको दारात उभी होती. ‘आवं, रडत हुती का ती?’ तिनं विचारलं.

‘सर्दी झालीय तिला,’ मी म्हणालो.

एका वाक्याचा तर प्रश्न होता – माझं चुकलं, एवढंच. कुणी क्लास सोडून गेलं असतं का? मला नाही वाटत. मग का नाही बोललो? मला बरोबर असण्याची सवय लागली होती आणि ती मोडायची नव्हती. एवढंच कारण आहे. दुसरं शोधूनही सापडत नाही.

त्यानंतर रंजना प्रत्येक शब्दाला विचारायची, सर, मी ठीक ऐकलं ना? सोप्या शब्दांनाही. पुढे विचारेनाशी झाली. मग क्लासला येईनाशी झाली. मी फोन केला नाही.

या वर्षी तिची नणंद काजल माझ्याकडे आली. हुशार आहे, बोलकी आहे. तिच्याकडून कळलं की रंजनानं पुन्हा कुठेच अर्ज केला नाही. घरी शेजारच्या मुलांना हिंदी शिकवते, आणि इंग्रजी शिकवायचं कुणी सुचवलं की विषय बदलते. मी विचारलं, मग तुला माझ्याकडे कुणी पाठवलं?

‘भाभी ने ही,’ काजल म्हणाली. ‘बोलीं, सर पर भरोसा रखना, अपने कान पर मत रखना.’

मी तिला त्या दिवसाचे शब्द शिकवले. सगळे बरोबर शिकवले.

रंजनाचे कान चांगले होते. मी म्हणालो तेच तिनं ऐकलं होतं.