आडनाव नसलेला मसाला

आईचा काळा मसाला कामोठ्यात तोंडोतोंडी खपायचा. एकीने नेला की ती आपल्या बहिणीला सांगायची. पण पप्पा कामाला होते तो पावणे एमआयडीसीतला कारखाना बंद पडला आणि घर त्याच मसाल्यावर चालू लागलं. तेवढ्याने भागेना. म्हणून मी एका मुलीला मेसेज केला. ती खाण्यापिण्याचे रील करायची, तिला खूप लोक बघायचे. मी इंग्रजी शाळेतली; बोलायला लाजते, पण लिहिता नीट येतं. ती मसाल्याच्या पाकिटांच्या बदल्यात यायला तयार झाली. बॅकग्राउंड साधा ठेवा, एवढंच तिने कळवलं.

ती यायच्या आधी मी भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर उतरवली आणि बुद्धमूर्ती कपाटात ठेवली. मला कोणी सांगितलं नव्हतं. पाकिटावर फक्त 'घरचा मसाला' छापायचं, हेही मीच ठरवलं होतं. आई नवी साडी नेसून बाहेर आली, तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहुणी समोर बसलेली, म्हणून मसाल्याचा डबा उघडायला लागली.

रील चाललं. उलव्याहून, खारघरहून ऑर्डरी यायला लागल्या. आई दिवसभर मिरच्या भाजायची आणि पप्पा खोकत पाकिटं चिकटवायचे. मग कोणीतरी कमेंटमध्ये विचारलं, काकूंचं पूर्ण नाव काय? शाळेतही मैत्रिणींच्या आया मला असंच, हसून, विचारायच्या. मी कमेंट काढून टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी विचारलं. त्याही काढल्या.

त्याच आठवड्यात एका बाईने मुलीच्या लग्नासाठी मोठी ऑर्डर द्यायला फोन केला. मी आंघोळीला गेले होते, फोन आईने घेतला. बाईंनी गाव विचारलं, मग आडनाव. आईने सांगितलं. घरात विचारून कळवते म्हणाल्या, त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

"कमेंटमध्ये पण हेच विचारतात ना?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग तू काय लिहितेस?"

"काही नाही. काढून टाकते."

"मी लपवायला सांगितलं होतं का तुला?"

तिने स्वतः तसबीर पुसून खिळ्याला लावली, आणि मला नवं लेबल करायला बसवलं. नाव, आडनाव, दोन्ही मोठ्या अक्षरांत. त्याचा फोटो मी टाकला आणि त्या रीलवाल्या मुलीला टॅग केलं.

कोणी भांडलं नाही. कोणी काही वाईटही लिहिलं नाही. कोणाचा मसाला अजून संपलेला नव्हता, कोणाला या वेळी गावाहून आला होता. महिन्याभरात फोन येणं जवळजवळ थांबलं. पप्पा एका सोसायटीत वॉचमनच्या कामाची चौकशी करून आले.

मग त्या मुलीचा इंग्रजीत मेसेज आला. आईने काय लिहिलंय विचारलं. असे मेसेज मी तिला नेहमी थोडे गोड करून सांगते. या वेळी तसाच्या तसा सांगितला: तिला टॅग करू नका म्हणते, तिच्या ब्रँडला बरं दिसत नाही, आपल्याबद्दल मनात काही नाही. आणि ते रीलही तिने काढून टाकलंय.

आई मसाला चाळत होती. "पाकिटं तर संपवली असतील तिने," ती म्हणाली.

चाळणी झटकून तिने उद्याच्या ऑर्डरी विचारल्या. एकच होती, आमच्याच मजल्यावरची, पाव किलोची.