पिशवीतला उरलेला घोट

रंजीता पोंभुर्ण्याची. चंद्रपूरच्या एका रक्तपेढीत बारा वर्षांपासून तंत्रज्ञ. तिच्या आईच्या घरात काही वाया जात नसे. अंबाडीच्या बोंडांचं सरबत गाळलं, की आई फडकं पिळपिळून शेवटचा थेंब काढायची. फडक्याचं दुसरं टोक धरायला रंजीताच असायची. त्या सवयीनेच तिचा घात केला.

मोहर्लीच्या श्रावणभाऊंची सात वर्षांची मुलगी साक्षी रक्ताच्या कॅन्सरसाठी शेजारच्या दवाखान्यात भरती होती. तिला वरचेवर प्लेटलेट द्याव्या लागत. त्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी राहिल्या तर हुडहुडी भरून ताप येऊ शकतो. म्हणून पिशवीला फिल्टर लावून ती उंच टांगायची आणि प्लेटलेट आपसूक खालच्या पिशवीत उतरू द्यायच्या. मागच्या आठवड्यात वरच्या पिशवीत घोटभर पिवळसर पाणी उरलं. कुण्या दात्याने तासभर हात मशीनला जोडून दिलेलं. रंजीताने पिशवी पिळली. दाबाने पांढऱ्या पेशी निसटू शकतात हे तिला पाठ होतं, तरीही.

त्या दिवशी साक्षी चार चादरींखाली कुडकुडली. रंजीताने जाऊन डॉक्टरांना सांगितलं. कारण तेच असेल असं नाही, ते म्हणाले, पण सांगितलं ते बरं केलं.

आज पुन्हा साक्षीचीच पिशवी. श्रावणभाऊ काचेच्या खिडकीपलीकडे उभे होते. ताडोब्यात गाइड म्हणून पर्यटकांना पाणवठ्यावर दोन-दोन तास गप्प बसवणारा माणूस, पण इथे सारखा घड्याळाकडे बघत होता. थेंब थांबले. रंजीताने नळी बंद केली आणि वरची पिशवी काढून बाजूला ठेवली.

"बाई, त्यात आहे ना अजून थोडं. काऊन सोडून राह्यल्या?"

"मागच्या वेळी मी तेच पिळलं होतं, भाऊ. पोरीले थंडी कदाचित त्याच्यानंच वाजली."

श्रावणभाऊंनी बाजूला ठेवलेल्या त्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग फेका ते."

रंजीताने ते फेकलं. जिवावर आलं, पण फेकलं.

संध्याकाळी ते पिशवी ज्यातून नेली तो डबा परत करायला आले. तिने तापाचं विचारलं.

"नाई. चादर टाकली तं लाथेनं उडवून देते. पंखा लावा म्हणते."

मग त्यांनी खिशातून गुरुवारी लागणाऱ्या पिशवीची डॉक्टरांची चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली.

"फिल्टर तुमीच लावजा," म्हणाले.