न चाखता केलेला स्वयंपाक

पदार्थ बिघडला असेल तर मी सांगते. समोरच्याला काय वाटेल याचा विचार नंतर करते, आणि बहुतेक वेळा करतच नाही. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर हॉटेलात जायचं म्हणजे जीव मुठीत धरून जायचं. असू दे. या तोंडामुळेच नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनमधल्या एका परक्या स्वयंपाकघरात मला घरच्यासारखी जागा मिळाली.

स्टेशनमागच्या गल्लीत दक्षिण अमेरिकेतून, पेरू देशातून आलेल्या एका कुटुंबाचं छोटंसं हॉटेल आहे. सहा टेबलं. आत बाई रांधतात, गल्ल्यावर त्यांचा नवरा बसतो आणि तिशीतली मुलगी वाढते. ऑफिसात रोज दुपारी गार पाव आणि चीज खाऊन मी वैतागले होते, म्हणून एका शुक्रवारी तिथे शिरले. समोर काय आलं? उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा दाट रस, शेजारी रताळं, वर भाजलेले शेंगदाणे. मी थेट आत जाऊन म्हटलं, "अहो, हे तर आमचं उपवासाचं ताट!" असलं चमचमीत खाऊन आम्ही उपवास करतो हे कळल्यावर बाई कट्ट्याला धरून हसत सुटल्या. तिसऱ्या खेपेपासून मी त्यांना काकू म्हणायला लागले. आम्हा दोघींचं डच सारखंच मोडकंतोडकं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता.

मग दर शुक्रवारी माझं तिथलं जेवण ठरलेलं. काकूंचं सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी आणि वर पातळ चिरलेला कांदा, खाऊन मी ऑफिसातल्या मीटिंगा हसत काढायचे. कच्चा मासा म्हटल्यावर पुण्याहून आई फोनवर "शी!" म्हणाली होती. म्हणेना का! तिला काय माहीत.

गेल्या हिवाळ्यात मात्र बिनसलं. एका शुक्रवारी सेविचे खारट, पुढच्या शुक्रवारी रश्शात मीठच नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी असं खारट की मी दोन ग्लास पाणी प्यायले. शेजारच्या टेबलावर एक डच जोडपं बसलं होतं. अर्धं ताट तसंच ठेवून दोघं "लेकर, लेकर", म्हणजे छान छान, म्हणत उठले. इथली माणसं अशीच. तोंडावर गोड बोलतील आणि पुन्हा फिरकणार नाहीत. टेबलं रिकामी पडायला लागली होती.

ताट उचलायला आलेली मुलगी हळूच म्हणाली, "आई थकली आहे. वयच झालं. बाबा नवीन आचारी बघताहेत, आई आता बाहेर बसेल."

माझं डोकंच फिरलं. साठी उलटली नाही आणि वय झालं म्हणे! मी ताट उचललं आणि तडक आत गेले. "काकू, हे जरा खाऊन बघा."

त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

तो घास माझ्या शत्रूलाही गिळवला नसता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "काकू, तुम्हाला चव लागत नाहीये."

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग बटाट्याच्या पोत्यावर बसल्या आणि रडल्या. पानगळीच्या दिवसांत फ्लू झाला होता, तेव्हापासून वास नाही, चव नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाही येणार, वाट बघा. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मीठ घातलं की नाही याची खात्री वाटायची नाही, म्हणून पुन्हा घालायच्या. कधी दोनदा घातलंय या भीतीने घालायच्याच नाहीत.

"त्यांना कळलं तर मला इथून उठवतील," त्या म्हणाल्या. "प्रेमानेच उठवतील. पण मग मी काय करू? टेबलं पुसू?"

खरं सांगते, मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या शेजारी पोत्यावरच बसले. मग एकदम आठवलं आणि मी म्हटलं, "काकू, माझी आई गौरी जेवतात त्या दिवशी वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करते. पुरण, कटाची आमटी, भाज्या, कोशिंबिरी. आणि त्यातलं काहीही चाखत नाही."

"चाखत नाही? का?"

"नैवेद्य असतो. देवाच्या आधी कुणी तोंड लावायचं नाही. वाससुद्धा घ्यायचा नाही मुद्दाम."

"आणि मीठ चुकलं तर?"

"चुकत नाही," मी ठोकून दिलं. एकदा आमटी पार अळणी झाली होती आणि काकांनी पानातलं सगळं मीठ संपवलं होतं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

पुढचे चार शनिवार सकाळी, हॉटेल उघडायच्या आधी, मी त्यांच्या स्वयंपाकघरात. घरच्यांना सांगितलं, ही भारतीय बाई स्वयंपाक शिकायला येते. मी ऑफिसातल्या सवयीने वजनकाटा आणि तक्ता घेऊन गेले होते. व्हिडिओवर पुण्याहून आईने काटा बघितला आणि मला वेड्यात काढलं. "काटा कशाला? हात आहे ना तिला? तिला म्हणावं, भांडं रोज तेच घ्यायचं. मीठ एकदाच घालायचं. घातलं की मोठ्याने म्हणायचं, घातलं! आणि बरणी उचलून पलीकडच्या कट्ट्यावर ठेवायची. मग देव जरी आला आणि म्हणाला घाल, तरी घालायचं नाही."

आई मराठीत, काकू स्पॅनिशमध्ये, मधे मी माझ्या भयंकर डचमध्ये. तरी दोघींचं जमलं! काकू कच्चा मासा कापतायत हे दिसल्यावर आईने क्षणभर डोळे मिटले, पण फोन ठेवला नाही. उलट विचारलं, "लिंबू पुरलं हे कशावरून कळतं?" काकूंनी माशाची फोड उचलून दाखवली. कड पांढरी झाली होती, आतून अजून काचेसारखी. "मग झालं की," आई म्हणाली, "डोळ्यांनी कळतंय तर जीभ कशाला हवी?" पहिल्या शनिवारी तरीही काकूंचा हात तीनदा बरणीकडे गेला आणि मी तीनदा ओरडले. चौथ्या शनिवारी त्यांनी मीठ टाकलं, "घातलं!" असं चक्क मराठीत म्हणाल्या, बरणी पलीकडे नेऊन ठेवली आणि तिच्याकडे पाठ केली. मी चाखलं. चोख होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, त्यांनी नवऱ्याला आणि मुलीला टेबलाशी बसवलं. मलाही. कोंबडीचा पिवळा रस्सा केला होता, भिजवलेला पाव आणि अक्रोड वाटून दाट केलेला, सोबत भात. दोघांची ताटं साफ होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि मग सगळं सांगितलं. मुलगी रडायला लागली. "मी तुला म्हातारी म्हणाले," एवढंच म्हणत राहिली. नवरा मुळात अबोल. तो आपलं रिकामं ताट तिच्यापुढे धरून म्हणाला, "आणखी आहे का?" नवीन आचाऱ्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

ते दोघं हॉटेलचं दार उघडायला बाहेर गेले. काकू स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या. एक घास खाल्ला.

"कसं लागतंय?" त्यांनी मला विचारलं.

"मीठ अगदी बरोबर."

"मिठाचं नाही विचारत. हा माझ्या आईचा रस्सा आहे. कसा लागतो ते सांग."

मी पोटभर जेवले होते, तरी पुन्हा चमचा भरून तोंडात धरला. "आधी दुधासारखं मऊ," मी म्हटलं. "मग अक्रोड. किंचित कडू. मग मिरची येते, पण उशिरा. घास गिळल्यावर, घशाशी."

"उशिरा?"

"हो. अगदी उशिरा."

"आईचीसुद्धा उशिराच यायची," काकू म्हणाल्या. मग डोळे मिटून त्यांनी दुसरा घास घेतला आणि माझा हात धरला. "पुन्हा सांग. सावकाश सांग."