चौकशीबाई आणि सात नंबरची खाट

वॉर्डात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत, पाठीमागे चौकशीबाई. नाव काही उगीच पडलं नव्हतं. बावीस वर्षं फरशी पुसताना तिने एकाही पेशंटला नुसतं 'कसे आहात' विचारून सोडलं नव्हतं. जखम कशाने झाली, सून भेटायला का येत नाही, हे कळल्याशिवाय तिचा फडका पुढच्या खाटेखाली सरकत नसे. घरीही तेच. जाऊ म्हणायची, शेजारी भांडं पडलं तरी हिला ते पितळेचं की स्टीलचं बघून यायचं असतं. एकदा एका पेशंटची घरातली भानगड ती डॉक्टरांसमोर बोलून गेली, तेव्हा मोठ्या सिस्टरनी तिची चांगलीच खरडपट्टी काढली. तेव्हापासून कान उघडे आणि तोंड बंद, असा तिने नियम केला. त्यातला पहिला अर्धा तिला छान जमे.

सात नंबरच्या खाटेवरचा म्हातारा मात्र तिच्या तावडीत सापडेना. लिफ्टा दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. साखरेच्या आजाराने उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला. तो लवकर काढला नाही तर सगळं पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि हा बाबा ऑपरेशनच्या कागदावर सहीच करेना. सिस्टरच्या हातातला ट्रे ढकलला, व्यायामाच्या मॅडमना 'उद्या या' म्हणून तीनदा परत पाठवलं, डॉक्टर आले की भिंतीकडे तोंड. सगळ्यांच्या नाकी नऊ आणले त्याने. बाईचं लक्ष मात्र त्याच्या डाव्या हाताकडे. करंगळी आणि शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. कशाने गेली असतील, या विचाराने तिला दोन दिवस घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कुठलं औषध सोसत नाही, हे पेशंटला जो तो विचारतो. म्हाताऱ्याने डॉक्टरांना सांगितलं, दुखणं थांबवायच्या औषधाने अंगावर गांधी उठतात. सिस्टरला सांगितलं, पू सुकवायच्या औषधाने घसा सुजतो. मॅडमना सांगितलं, मला काय, दगडही पचतात. तिघांनी आपापल्या कागदावर इमानेइतबारे लिहून घेतलं. तिन्ही वेळा बाई खाटेखाली फडका मारत होती. म्हातारा भ्रमिष्ट म्हणावा, तर भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हे त्यानेच दाखवलेलं. मग हा माणूस खोटं का बोलतो?

चौथ्या दिवशी साडेनऊला सगळे डॉक्टरांच्या खोलीत बसणार होते. आज सही झाली नाही तर म्हाताऱ्याला घरी पाठवायचं, एवढं बाईला कळलं होतं. कसं कळलं ते विचारू नका. ती नऊलाच बादली घेऊन सात नंबरवर हजर.

"काका, तिघांना तीन गोष्टी का हो सांगितल्यात?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "चार दिवस वाट बघतोय," तो म्हणाला, "हे कुणीतरी विचारील म्हणून."

मग त्याने सांगितलं. लिफ्टच्या कामात एक माणूस वर मशीनपाशी, एक खाली. दोघांनी एकच गोष्ट मोठ्याने बोलल्याशिवाय आत हात घालायचा नाही, असा त्यांचा कायदा. एके दिवशी वरचा माणूस बदलला. खाली कुणीतरी आहे, हे जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगितलंच नाही. नव्या माणसाने बटण दाबलं आणि दोन बोटं तिथेच राहिली. इथे तिघं रोज येतात, लिहितात, जातात, दुसऱ्याचा कागद कुणी बघत नाही. यांच्या हाती पाय कसा द्यायचा? माणूस हट्टी नव्हता, घाबरला होता. बाईला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांच्या खोलीच्या दारात मात्र ती थबकली. आत मोठ्या सिस्टर बसलेल्या. लहान तोंडी मोठा घास घ्यायचा आणि पुन्हा बोलणी खायची? पण पाऊल म्हाताऱ्याचं जाणार होतं. तिने बादली खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर वैतागले. म्हातारा आपल्याला खेळवतोय, म्हणाले. मोठ्या सिस्टरनी फाईलमधून तीन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मॅडमनी ते दोनदा वाचले. मग मान वर करायला कुणी तयार होईना.

सगळे मिळून सात नंबरवर गेले, मागून बादली घेऊन बाई. चूक आमची, डॉक्टर म्हणाले, आता खरं काय ते सांगा. म्हातारा म्हणाला, सिस्टरना सांगितलं ते खरं. डॉक्टरांनी खिशातली चिठ्ठी काढली. ऑपरेशनच्या आधी द्यायचं इंजेक्शन त्यांनी सकाळीच लिहून ठेवलं होतं आणि ते नेमकं पू सुकवायच्या त्याच औषधाचं होतं. त्यांनी चिठ्ठी फाडली.

मग त्यांनीच आधी मोठ्याने म्हटलं, उजव्या पायाचा अंगठा, आणि ते औषध द्यायचं नाही. मागोमाग दोन्ही सिस्टरनी म्हटलं, मॅडमनी म्हटलं. म्हातारा ऐकत राहिला. मग तीन बोटांचा हात त्याने बादलीकडे केला.

"आणि या?"

बाईने मोठ्या सिस्टरकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बोला, मावशी."

"उजव्या पायाचा अंगठा," बाई म्हणाली. मग पुढचंही नीट म्हणाली. "ते औषध द्यायचं नाही."

म्हाताऱ्याने पेन मागून घेतलं आणि सही केली.

"हं," तो म्हणाला. "आता घाला हात."